नोंदवही नसलेली संघटना

मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना कधी स्थापन झाली, याची दोन उत्तरं मिळतात. कुणी 1884 सांगतं, कुणी 1890. वाद मिटणं कठीण, कारण ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ची रीतसर स्थापना अशी कधी झालीच नाही. सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती. मुंबई इलाख्यात फॅक्टरी कायद्याचा अंमल कसा चालला आहे, याबद्दलच्या 1892 च्या सरकारी अहवालात नेमकं यावर बोट ठेवलेलं आहे. संघटित संस्था म्हणून हिला अस्तित्वच नाही, लोखंडे नावाचे गृहस्थ दाराशी येईल त्या कामगाराला स्वखुशीने सल्ला देतात एवढंच, असा त्या शेऱ्याचा आशय. शेरा खवचट आहे, पण खोटा नाही.

आणि तरीही रविवारची सुट्टी गिरणगावात आली ती याच बिननोंदवहीच्या संघटनेच्या मागणीतून.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली ताडदेवला उभारायला घेतली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांची धुराडी शहरभर उभी राहिली आणि कोकण, सातारा, पुण्याकडची माणसं कामाला येत गेली. कामावर घेणारा जॉबर, काढणाराही जॉबर. मालात खोट निघाली की दंड, एक दिवस चुकला की दोन दिवसांचा खाडा, आणि महिन्याचा पगार हातात पडायला पुढचा महिना अर्धाअधिक उलटायचा. 1881 साली पहिला फॅक्टरी कायदा आला. सातच्या आतल्या मुलांना गिरणीत मज्जाव झाला, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा मिळाली. मोठ्या माणसांबद्दल, बायांबद्दलसुद्धा, त्यात काहीच नव्हतं.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म 1848 चा, ठाण्यातला; घराणं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. रेल्वे आणि पोस्टात नोकरी करून ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे साच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते, पण खात्यांत काय चालतं ते रोज पाहणारे होते. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये पुण्यात काढलेलं ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक बंद पडायच्या बेतात आलं, तेव्हा 1880 साली लोखंडे यांनी ते मुंबईला आणून चालवलं. संघटनेचं कार्यालय, मुखपत्र आणि दफ्तर, जे काही म्हणायचं ते हेच.

1884 मध्ये सरकारने फॅक्टरी कायद्याचा फेरविचार करायला आयोग नेमला. त्याच्यापुढे कामगारांचं म्हणणं मांडण्यासाठी सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत लोखंडे यांनी सभा घेतल्या. 23 तारखेला एक, 26 ला दुसरी. त्यातून निघालेल्या अर्जावर साडेपाच हजार सह्या होत्या. नोकरी जॉबरच्या मर्जीवर टिकते अशा ठिकाणी सही करणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

मागण्या पाच. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जबर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

यातली तिसरी मागणी आज विचित्र वाटते. साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे जवळजवळ बारा तास. याला का मागणी म्हणायचं? पण तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. उजाडलं की यंत्रं सुरू, मावळलं की बंद. मुंबईच्या तेव्हाच्या स्थानिक घड्याळाने जानेवारीत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवे, जूनमध्ये मात्र साडेपाचच्याही आधी. उन्हाळ्यात दिवस मोठा होई आणि पगार न वाढता कामही तेवढंच लांबे. अर्ज लिहिणाऱ्यांनी मागितलं ते इतकंच की पहाटेचा तो वाढीव तास आमचा आम्हाला राहू द्या. आठ तासांचं स्वप्न त्यात नाही, दुनिया उलथवायची भाषा नाही. साडेपाच हजार माणसांना सही करायची हिंमत झाली, ती मला वाटतं या नेमस्त हिशेबामुळेच.

विरोध गिरणीमालकांचा होता, तसाच देशी वृत्तपत्रांचाही. ‘केसरी’, ‘मराठा’ यांच्यासह राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांना फॅक्टरी कायदा हे मँचेस्टरवाल्यांचं कारस्थान वाटे: इथलं कापड महाग व्हावं आणि लँकेशायरचं खपावं म्हणून विलायतेत मजुरांचा कळवळा दाटून आला आहे. संशय निराधार नव्हता. लँकेशायरचे गिरणीमालक या कायद्यासाठी खरोखरच जोर लावत होते. लोखंडे यांनी ‘दीनबंधु’तून कामगारांची बाजू लावून धरली. कायदा कुणाच्या स्वार्थातून येतो यापेक्षा तो कुणाच्या पदरात पडतो हे त्यांच्या लेखी महत्त्वाचं होतं, आणि शहाणपण त्यांच्याच बाजूला होतं असं म्हणायला हवं.

24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले. दोन स्त्री कामगार व्यासपीठावरून बोलल्या. रविवार हा खंडोबाचा वार, हा युक्तिवादही लोखंडे यांच्या नावावर सांगितला जातो. देव घरचा आणि सुट्टी साहेबाच्या कचेरीतली, अशी ती चतुर सांगड. साप्ताहिक सुट्टीचा अर्ज मालकांच्या संघटनेकडे गेला आणि 10 जून 1890 रोजी तिने तो मान्य केला. नवा कायदा येऊ घातला होताच, त्यामुळे मालकांनी उदारपणा दाखवला असं समजायचं कारण नाही. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी आयोगाने लोखंडे यांना मुंबईपुरते सहकारी सभासद म्हणून घेतलं. 1891 च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा मिळाली, मुलांचं किमान वय नऊ झालं.

पुरुषांचे तास मोकळेच राहिले. त्याची किंमत नंतर कळली: गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताचा अडसरही गेला आणि 1905 च्या सुमारास चौदा-चौदा तास पाळ्या चालू लागल्या. कापड गिरणीतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली ती 1911 च्या कायद्याने.

लोखंडे यांच्या खटपटी गिरण्यांपुरत्या नव्हत्या. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं ठरवणाऱ्या मुंबईच्या नाभिकांच्या सभेमागे 1890 साली तेच होते. 1893 च्या हिंदू-मुसलमान दंग्यानंतर सलोख्यासाठी ते फिरले. सरकारने त्यांना रावबहादूर केलं. पुढे मुंबईत प्लेग आला. रोग्यांच्या सेवेत असतानाच त्यांना लागण झाली आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी ते गेले. वय पन्नाशीच्या आत.

त्यांच्यामागे संघटनाही संपली. ज्या संघटनेला सभासदांची यादीच नव्हती, ती पुढे चालवायला कुणाला बोलावणार? 1892 च्या शेऱ्यातली खरी मेख ही. लोखंडे यांच्या मोठेपणाबद्दल लिहिताना मराठीत ती बहुधा वगळली जाते. 2005 साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं, ‘कामगार चळवळीचे जनक’ ही उपाधी तर नेहमीचीच. पण चळवळीला वर्गणीची पावती आणि हजेरीपट लागतो, हा धडा मुंबईच्या कामगारांना विसाव्या शतकात नव्याने गिरवावा लागला.

सुपारीबागेतल्या उरलेल्या दोन मागण्याही अखेर कायद्यात आल्या. अपघाताची भरपाई 1923 मध्ये आली. पगाराची तारीख 1936 च्या वेतन कायद्याने बांधली गेली: हजाराच्या आत कामगार असतील तिथे पुढच्या महिन्याची सात, त्याहून मोठ्या कारखान्यात दहा.