आग्रह नको

घरात नवं माणूस आलं की त्याला एकटं सोडणं आपल्याकडे असभ्यपणाचं मानतात. चहा होतो, शेजारचे डोकावून जातात, पोरं भोवती कोंडाळं करतात आणि ताटात न मागता दुसरी पोळी पडते. आठ-नऊ वर्षांचं कुत्रं दत्तक आणलेल्या घरातही पहिल्या संध्याकाळी बहुधा हेच होतं. चार-पाच हात एकदम डोक्यावरून फिरतात, तिघं तीन नावांनी हाका मारतात, फोटो निघतात, वाडग्यात चिकन येतं. कुत्रं मात्र सोफ्याखाली शिरतं ते सकाळपर्यंत बाहेर येत नाही. मग तर्क सुरू होतात: आधीच्या मालकाची आठवण येत असेल, कुणी मारलं असेल, नाहीतर म्हातारं कुत्रं आता कुठलं माणसाळायला! यातला एखादा तर्क खराही असेल, पण त्या घटकेला त्याची अडचण याहून साधी असते. पुढे काय होणार याचा त्याला काही अंदाज येत नाही. पिल्लाला सगळंच नवं असतं. मोठ्या कुत्र्याने मात्र वर्षानुवर्षं एक दिनक्रम पाठ केलेला असतो आणि तो एका दिवसात नाहीसा झालेला असतो. त्याला रुळायला मदत करायची तर आधी दिवसाचा अंदाज येऊ द्यावा आणि मायेचा आग्रह थोडा लांबणीवर टाकावा, असं माझं म्हणणं आहे.

अशी कुत्री येतात कुठून? कुठे मालक वारलेला असतो, कुठे मुलं परदेशी गेलेली असतात, कुठे नव्या घरमालकाने ‘कुत्रं चालणार नाही’ असं सांगितलेलं असतं. पिल्लं काढून झाल्यावर ब्रीडरने सोडून दिलेल्या माद्याही यात असतात. पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण कायद्यात पहिल्या गुन्ह्याला लिहिलेला दंड १० ते ५० रुपये. तेवढ्यात दोन वडापावही धड येत नाहीत. दुसरीकडे गल्लीत वाढलेली, नसबंदी झालेली वयस्क कुत्री आहेत. दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात ती दत्तक घेण्याची वाट नागरिकांना मोकळी ठेवली आणि घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. घरात कधी राहिलेलंच नाही असं कुत्रं आणि घराबाहेर कधी राहिलेलंच नाही असं कुत्रं यांच्या गरजा वेगळ्या असतात, तरी पहिल्या काही आठवड्यांत दोघांचीही गाडी एकाच ठिकाणी अडते: पुढे काय होणार याचा अंदाज येत नाही.

याला आधार आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मायकल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये निवाऱ्यात आलेल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल मोजलं. ताण आला की शरीरात वाढणारं हे संप्रेरक. पहिल्या तीन दिवसांत त्याचं प्रमाण घरच्या कुत्र्यांच्या जवळपास तिप्पट होतं आणि नऊ दिवसांहून जास्त काळ राहिलेल्या कुत्र्यांत ते कमी होतं. जागा तीच, पिंजरा तोच, भुंकणं तेच. बदललं होतं ते एवढंच, की जेवण कधी येतं, दार कधी वाजतं, कोण येतं, हे त्यांना कळू लागलं होतं. निदान मला तरी त्या आकड्यांचा हाच अर्थ पटतो. उलट बाजूचा पुरावा बुडापेस्टचा आहे. मार्ता गाची, योझेफ तोपाल आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये निवाऱ्यातल्या प्रौढ कुत्र्यांना अनोळखी माणसाबरोबर दहा-दहा मिनिटांच्या अवघ्या तीन भेटी घडवल्या. नंतरच्या चाचणीत ती कुत्री त्या माणसाशी जोडली गेल्याची लक्षणं दाखवू लागली. म्हणजे लळा लागायला मोठ्या कुत्र्याला वेळ लागत नाही. घाईने लळा लावण्याची धडपड मग कशासाठी? जे आपोआप होणार आहे त्यासाठी आपण अख्खं घर त्याच्या अंगावर घालतो आणि जे आपोआप होत नाही, म्हणजे दिवसाची घडी, ते तसंच राहतं.

घडी बसवायची म्हणजे काय, तर फार काही नाही. सकाळी सहाला बाहेर न्यायचं ठरलं तर रविवारीही सहालाच. जेवण दोन वेळा, त्याच कोपऱ्यात, त्याच वाडग्यात. पहिला आठवडाभर फिरायचा रस्ता एकच, आणि नेणारं माणूसही शक्यतो एकच. अंथरूण भिंतीलगत, जिथून दार दिसतं पण येणारा-जाणारा ओलांडत नाही अशा जागी. आणि तिथे ते असताना कुणी हात लावायचा नाही, हा नियम घरातल्या सर्वांत लहान मुलापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना. आधीच्या घरातली एखादी जुनी गोधडी मिळाली तर ती धुऊ नये, कारण ओळखीचा वास तेवढ्यातच उरलेला असतो. खाणंही सुरुवातीला जुनंच द्यावं. बदलायचंच असेल तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं, नाहीतर जुलाब सुरू होतात आणि ‘जागा मानवली नाही’ असा भलताच निष्कर्ष निघतो. शब्दांचंही तसंच. हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्या घरात ते वाढलं असेल, तर ‘बस’ म्हटल्यावर ते बसत नाही यात त्याचा हट्ट नाही. आधीच्या माणसांकडून वेळा, शब्द, भीतीच्या गोष्टी आणि औषधं एका कागदावर लिहून घ्यावीत. मोठं कुत्रं घेण्यातला हा फायदा पिल्लू घेणाऱ्याला मिळत नाही, आणि बरेच लोक तो वापरतच नाहीत.

यात शरीराचा हिशेब धरायला हवा, कारण वयस्क कुत्र्याच्या बाबतीत स्वभाव म्हणून जे खपतं ते पुष्कळदा दुखणं असतं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या डॅनियल मिल्स यांच्या गटाने २०२०मध्ये वर्तनाच्या तक्रारींसाठी तज्ज्ञांकडे आलेल्या प्राण्यांचा आढावा घेतला. सावधपणे धरलं तरी साधारण एक तृतीयांश प्रकरणांत कुठलं तरी वेदनादायक दुखणं दडलेलं होतं. उचलताना गुरगुरणं, जिन्यापाशी अडून बसणं, ब्रश लावताच मान फिरवणं, एका बाजूनेच चावणं, या सगळ्याला सांधे किंवा दात कारण असू शकतात. म्हणून पहिल्या आठवड्यातच जनावरांच्या डॉक्टरांकडून रक्त, लघवी, दात, डोळे, कान तपासून घ्यावेत. आपल्या हवेत गोचिडांमुळे येणारा ताप आणि पावसाळ्यातला लेप्टो यांचीही विचारणा करावी. माणसांची ब्रुफेनसारखी गोळी मात्र चुकूनही देऊ नये, कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती घातक ठरते. घरातली सर्वांत वाईट वस्तू बहुधा जमीनच असते. गुळगुळीत टाइल्सवर दुखऱ्या मागच्या पायांचं कुत्रं घसरतं, एकदा घसरलं की त्या खोलीलाच घाबरतं, आणि आपण म्हणतो की त्याला हॉल आवडत नाही. अंथरूण, वाडगा आणि दार यांच्यामध्ये सतरंज्या किंवा रबरी चटया टाकल्या आणि वाढलेली नखं कापली की अर्धं काम होतं. रात्री पॅसेजमध्ये एक मंद दिवा ठेवावा. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या २००१च्या अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५-१६ वर्षांच्यांपैकी ६८ टक्क्यांत बुद्धीच्या ऱ्हासाचं किमान एक लक्षण दिसलं होतं. दिशा चुकणं, झोपेच्या वेळा उलटणं, शिकवलेली जागा सोडून घरात लघवी करणं, अशी ही लक्षणं. अशा कुत्र्याला ठरलेला दिनक्रम आणि न हलवलेलं सामान यांचा फार आधार असतो. नवं कुत्रं आणल्याच्या महिन्यातच सोफा इकडचा तिकडे करण्याची हौस आवरावी.

पहिला आक्षेप ठरलेला: म्हातारं कुत्रं नवं काय शिकणार? व्हिएन्नात लिसा वॉलिस आणि सहकाऱ्यांनी पाच महिने ते तेरा वर्षं वयाच्या ९५ बॉर्डर कॉली कुत्र्यांना टचस्क्रीनवर नाकाने चित्रं निवडायला लावली. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वयस्क कुत्र्यांना धडा गिरवायला जास्त फेऱ्या लागल्या, हे खरं. पण ‘हे नाही, म्हणजे ते असणार’ अशा वजाबाकीने उत्तर काढण्यात ती तरुणांपेक्षा सरस ठरली, आणि सहा महिन्यांनी घेतलेल्या परीक्षेत आठवणीच्या बाबतीत वयाचा फरक दिसला नाही. घरातल्या शी-शूच्या प्रश्नाला हे नेमकं लागू पडतं. जन्मभर मातीवर गेलेल्या कुत्र्याला टाइल्स, गॅलरी आणि मोरी यांतला फरक ठाऊक नसतो. रागावलं तर एवढंच कळतं की या माणसासमोर करायचं नाही, आणि मग ते पलंगामागे जाऊन करतं. उठल्यावर, जेवल्यावर आणि झोपण्याआधी न चुकता त्याच मातीच्या तुकड्यावर नेलं, तिथे काम होताच खाऊ दिला आणि आत झालेलं निमूट पुसलं, तर त्याला उत्तर काढता येतं. फेऱ्या जास्त लागतील, एवढं धरून चालावं.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. इतकं मोजूनमापून वागणं कोरडं नाही का? आयुष्यभर उपेक्षा सोसलेल्या जिवाला आल्या दिवसापासून कुशीत घ्यायला नको? कुत्रं स्वतः येऊन मांडीवर डोकं ठेवत असेल तर जरूर घ्यावं. पुढाकार कोणाचा, एवढाच मुद्दा. आपण जमिनीवर, थोडं वळून, पुस्तक वाचत बसावं. ते येईल, हुंगेल, परत जाईल. हात पुढे करून थांबावं आणि त्याने अंग सरकवलं तर छातीशी खाजवावं; डोक्यावरून आलेला अनोळखी हात बऱ्याच कुत्र्यांना धमकीसारखा वाटतो. याच संदर्भात ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ हे समाजमाध्यमांवर फिरणारं सूत्र आठवतं. ढोबळ अंदाज म्हणून ते ठीक, पण पंचांगासारखं पाहू नये. ओहायोतल्याच एका गटाने २०२३मध्ये ९९ मालकांना दत्तक कुत्र्यांबद्दल सातव्या, तिसाव्या, नव्वदाव्या आणि एकशेऐंशीव्या दिवशी विचारलं. एकटं राहण्यातला त्रास पुढे कमी झाला होता, अनोळखी माणसांवर भुंकणं-गुरगुरणं मात्र वाढलं होतं. तरी सहा महिन्यांनी ९४ टक्के मालकांच्या मते कुत्र्याचं वागणं चांगलं किंवा उत्तम होतं. पहिल्या आठवड्यातलं गरीब गायीसारखं वागणं हे बऱ्याचदा गोठून जाणं असतं. महिन्याभराने ते दारावरच्या कुरिअरवाल्यावर भुंकायला लागलं, तर ‘हे बिघडलं’ म्हणून परत देण्याआधी, त्याला हे घर आपलं वाटू लागलं असेल, अशीही एक शक्यता तपासून पाहावी. दारापासून त्याची जागा लांब ठेवली आणि घंटा वाजली की खाऊ अंथरुणावरच मिळतो हे ठरवून टाकलं, की पुष्कळ फरक पडतो.

सोसायटीचा अडथळा वाटतो तेवढा मोठा नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताचा ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. परवाना, रेबीजच्या लशीचा दाखला आणि विष्ठा उचलायची पिशवी जवळ असली की वाद बराचसा निवतो. आवाजाचा प्रश्न मात्र खरा आहे. गणपतीचे ढोल किंवा दिवाळीचे फटाके तोंडावर असतील, तर कुत्रं आणण्याची तारीखच पुढे ढकलावी. पहिल्या आठवड्यात घाबरून पळालेल्या कुत्र्याला परतीचा रस्ता माहीत नसतो, त्यामुळे गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर आणि फिरवताना मापाचा हार्नेस हवाच. एकटं राहण्याची सवयही लगेच लावावी: दोन मिनिटं, पाच, पंधरा. पहिला आठवडा सगळ्यांनी रजा काढून सोबत केली आणि आठव्या दिवशी नऊ तास कुलूप लावलं, तर पुन्हा सगळं मुळापासून सुरू होतं.

राहता राहिलं ते ‘चार वर्षांत जाणार, मग जीव कशाला गुंतवायचा?’ हे दुःख खोटं ठरवता येत नाही, आणि खर्चही: तपासण्या, सांध्यांची औषधं, दातांची कामं पिल्लाच्या लशींपेक्षा महाग पडतात. ज्याला हा खर्च झेपणार नाही त्याने मोकळेपणी नाही म्हणावं. पण हाच हिशेब दुसऱ्या टोकाकडूनही मांडता येतो. पिल्लू घेणं म्हणजे बारा-चौदा वर्षांचा शब्द देणं. मुलं गावाबाहेर किंवा देशाबाहेर असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाने आज पिल्लू आणलं, तर ते कुत्रं म्हातारं होईल तेव्हा त्याला जिन्यावरून उचलून कोण नेणार? अशी किती तरी कुत्री त्या प्रश्नाचं उत्तर न मिळाल्यामुळेच आज निवाऱ्यात आहेत. नऊ वर्षांचं, अर्धा दिवस झोपणारं, संध्याकाळी वीस मिनिटं हळूहळू चालणारं कुत्रं त्या माणसाच्या पावलाशी जुळतं. सहाला उठणं, साडेसातला चहा, एकला जेवण, बातम्या लागल्या की कोपऱ्यातल्या खुर्चीत बसणं, हा दिनक्रम त्या घरात कुत्रं येण्याच्या कितीतरी आधीपासून ठरलेला असतो.