घर, गांव आणि शाळा

शाळा ही गांवाची असावी, असें सर्वच म्हणतात. परंतु गांवाचा शाळेशीं संबंध पुष्कळदां मूल दाराशीं पोंचविण्यापुरताच राहतो. आईबापांनीं मूल पाठवावें, शिक्षकानें शिकवावें आणि परीक्षेनें निकाल सांगावा, अशी ही वांटणी आहे. जेथें घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा जवळजवळ एकच असते, तेथें ती कशीबशी निभावते. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशांत मात्र ती मुलाच्या शिक्षणाच्या मुळावरच येते.

1982 सालीं चंद्रपूरचें विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथें भामरागडकडे माडिया, अन्यत्र गोंडी, तर कोठें झाडीबोली बोलली जाते. माडिया घरांतलें मूल शाळेंत येतें, तेव्हां अक्षर नवें आणि भाषाहि नवी, अशीं दोन ओझीं त्यास एकदम उचलावीं लागतात. रानांतलीं झाडें नुसत्या पानावरून ओळखणारें तें मूल फळ्यापुढें मुकें उभें राहतें व 'मंद' ठरतें. पुढें तें स्वतःस अडाणी समजूं लागतें, मग आईबापांसहि. आणि एके दिवशीं शाळेंत येईनासें होतें. हानि होते ती अशी, आणि ती शिक्षक एकटा भरून काढूं शकत नाहीं.

यास उपाय गांवांतच आहे. पहिला भाषेचा. गांवांतील एखाद्या आजीनें वर्गांत बसून आपल्या बोलींत गोष्ट सांगावी, शिक्षकानें तींतले शब्द फळ्यावर लिहावे, शेजारीं मराठी शब्द मांडावे. मूल ओळखीच्या शब्दावर पाय ठेवून अनोळखी शब्दाकडे जातें. घरची बोली ही मराठीची वैरीण नव्हे, ती तिची पायरी होय. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानेंहि शक्य तेथवर मातृभाषेंतून शिकवावें असें म्हटलें आहे.

दुसरा उपाय गणिताचा. महाराष्ट्रांत तेंदूच्या एका पुड्यांत 70 पानें असतात, व अशा 1,000 पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. पानें बांधणाऱ्या आईस वर्गांत बोलावून तिच्या हातून पुडा बांधवावा. मग गोणींत 70,000 पानें कशीं झालीं, हें मूल सहज करतें. आणि घरची मजुरी पडताळूनहि पाहतें. जें गणित कुटुंबास फसवणुकीपासून वांचवितें, तें शिकविण्यास छडी लागत नाहीं.

तिसरा उपाय परिसराचा. या भागांत जुने मालगुजारी तलाव आहेत. पाळ कोठें बांधली, पाणी कोणत्या क्रमानें शेतांत जातें, हें वृद्ध शेतकऱ्यानें तलावावर दाखवावें. मुलांनीं त्याचा नकाशा काढावा. भूगोल व इतिहास दोन्ही तेथें एकत्र भेटतात.

ही कल्पना केवळ मनोराज्य नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं 1945 पासून बोर्डी येथें, व 1957 नंतर कोसबाड येथें, मुलांची वाट न पाहतां शाळाच त्यांच्या अंगणांत व गुरांच्या कुरणांत नेली. भामरागड तालुक्यांत हेमलकसा येथें 1973 सालीं लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, व 1976 सालीं तेथें आश्रमशाळा निघाली. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा गांवानें अभ्यासगट चालवून, सर्वांच्या संमतीनें निर्णय घेण्याची रीत घालून, 2009 सालीं आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. प्रौढ माणसेंहि एकत्र बसून शिकतात, हें या गांवानें दाखविलें. त्याच तालुक्यांत मोहगांव येथें 2019 सालीं ग्रामसभांच्या पुढाकारानें गोंडी माध्यमाची शाळा सुरूं झाली.

कायद्यानेंहि दार उघडलें आहे. शाळा व्यवस्थापन समितींत किमान तीन चतुर्थांश पालक असावे, व निम्म्या स्त्रिया असाव्या, असा 2009 च्या कायद्याचा दंडक आहे. पण नुसत्या सह्या घेऊन समिती जिवंत होत नाहीं. मोहफुलें वेंचण्याच्या दिवसांत पहाटेपासून घर रिकामें असतें. त्या वेळीं सभा बोलावून कोणी आलें नाहीं म्हणून पालकांस बोल लावणें अन्यायाचें आहे. सभा संध्याकाळीं घ्यावी, आणि शक्य तर गोटुलाशीं किंवा कोणाच्या ओट्यावर घ्यावी.

शिक्षकानें दोन पथ्यें पाळावीं. पालकास केवळ तक्रार ऐकण्यास किंवा वर्गणी देण्यास बोलावूं नये. त्याच्याजवळ जें ज्ञान आहे तें मागण्यास बोलवावें. आणि गांवचें ज्ञान म्हणजे वर्षांतून एका दिवसाचें प्रदर्शन समजूं नये. त्याची जागा रोजच्या पाठांत असावी. त्याबरोबर हेंहि विसरूं नये कीं, मुलास रानापुरतेंच ठेवणें हा हेतु नव्हे. पुस्तक, कचेरी आणि बाहेरचें जग यांच्याशीं त्यानें ताठ मानेनें बोलावें, हाच हेतु आहे.

ज्या वर्गांत आईचा शब्द फळ्यावर लिहिला जातो, त्या वर्गांत मुलाची मान खालीं जात नाहीं. विद्येचा आरंभ तेथून होतो.