आकाशातील चौकशी खिडकी

मंडळाच्या अभ्यासिकेत दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाची बैठक झाली होती. ओझरच्या बाजूने आवाज आला की आपली मुले अजूनही अंगणात धावत येऊन वर पाहतात. त्या बैठकीत एका मुलीने विचारले, "खालचा माणूस रेडिओवर सांगतो तसेच वैमानिक करतो ना? मग त्याचे स्वतःचे डोके कुठे चालते?" आम्ही बँकेतले कारकून आणि शिक्षणाने कला शाखेचे. तत्काळ उत्तर देता आले नाही. पुढे मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले. त्यातून जे समजले ते या लेखात मांडत आहोत.

शिकाऊ व खाजगी वैमानिकांची लहान विमाने आपल्या भागात नवीन नाहीत. धुळे आणि बारामती येथे उड्डाण प्रशिक्षण चालते. आपल्या देशात खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय १७ वर्षे, शिक्षण दहावी उत्तीर्ण आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. बोलण्यासाठी वेगळी परीक्षा कशाला, असे कोणालाही वाटेल. त्याचे कारण पुढे येईलच.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. हवा, वाट आणि इंधन यांचा हिशोब त्यांचा त्यांनाच ठेवावा लागला. १९४४ साली शिकागो येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या नियमांत वैमानिकाला जमिनीवरून मिळणाऱ्या सेवेचे तीन मुख्य भाग केले आहेत. पहिला भाग नियंत्रण, दुसरा माहिती आणि तिसरा संकटाची वर्दी.

नियंत्रण सेवेत खालून परवानगी आणि आदेश मिळतात. मोठ्या विमानतळांच्या आसपास व हवाई मार्गांवर ही सेवा असते. परंतु आकाशाचा बराच भाग अनियंत्रित असतो. तेथे वैमानिकाला उड्डाण माहिती सेवेचा आधार असतो. नाशिकरोड स्टेशनच्या चौकशी खिडकीसारखे हे काम समजावे. गाडी किती उशिराने आहे, कोणत्या फलाटावर येणार, हे खिडकीतला माणूस सांगतो. गाडीत बसायचे की एस.टी. पकडायची, हे प्रवाशाने ठरवायचे. माहिती सेवा घेतली म्हणून वैमानिकाची जबाबदारी कमी होत नाही, असे नियमातच म्हटले आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक वैमानिक चार आसनी सेसना घेऊन धुळ्याहून बारामतीला निघाला आहे. अंतर सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे अंदाजे दीड-पावणेदोन तास. निघण्यापूर्वी तो उड्डाणाचा आराखडा दाखल करतो. भारतात उड्डाण माहिती केंद्राकडून एफआयसी क्रमांक घ्यावा लागतो. हवाई संरक्षणाच्या दृष्टीने एडीसी क्रमांकही लागतो. आकाशात कोण आहे हे सैन्यालाही माहीत असावे लागते. देशाचे आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मुख्य माहिती क्षेत्रांत वाटलेले असून आपला भाग मुंबईकडे येतो.

वर गेल्यावर तो रेडिओवरून हाक देतो. हाक देण्यापूर्वी क्षणभर ऐकतो, कारण एका लहरीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघांनी एकदम कळ दाबली तर नुसती खरखर ऐकू येते. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले नाव. उत्तर आले की विमानाचा प्रकार, ठिकाण, उंची, कोठून कोठे चाललो आणि काय हवे, एवढे ठराविक क्रमाने सांगायचे. उदाहरणार्थ, "मनमाडच्या पूर्वेस, साडेचार हजार फूट, बारामतीचे हवामान हवे."

उत्तरात पुढचे हवामान, वादळाचा इशारा, धावपट्टीच्या स्थितीतील बदल, बंद पडलेले दिशादर्शक यंत्र किंवा जवळपासचे दुसरे विमान यांची माहिती मिळू शकते. मात्र जे विमान केंद्राला माहीत नाही त्याची खबर केंद्र देऊ शकत नाही. म्हणून नजर सतत बाहेर ठेवावी लागते. आपल्या जिल्ह्यात आणखी एक बाब आहे. देवळालीला तोफखान्याचे सराव क्षेत्र आहे, तर गांधीनगरला सैन्याचा व ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानतळ आहे. कोणत्या भागातून जाता येईल आणि कोणत्या नाही, हे निघण्यापूर्वी पाहायचे आणि शंका आली तर वाटेतही विचारायचे.

हवेच्या दाबाचा आकडाही रेडिओवर मिळतो. तो लावल्यावरच उंचीमापक खरी उंची दाखवतो. हा आकडा दहाने चुकला तर उंचीत पावणेतीनशे-तीनशे फुटांचा फरक पडतो. खाली सातमाळ्याची डोंगररांग असताना हा फरक जिवावर बेतू शकतो. म्हणून असा आकडा ऐकला की वैमानिकाने तो उलट म्हणून दाखवायचा असतो.

येथे आम्हांला आमचे काउंटर आठवते. नोकरीच्या सुरुवातीस फोनवरून आलेला एक खाते क्रमांक आम्ही पुन्हा वाचून न दाखवताच लिहून घेतला. एक अंक चुकला आणि एका वृद्ध पेन्शनर बाईंचे पैसे दुसऱ्याच खात्यात गेले. चूक दोन दिवसांनी दुरुस्त झाली, परंतु ते दोन दिवस त्या बाईंनी कसे काढले हे आम्ही विचारू शकलो नाही. आकाशात तर दोन दिवसही मिळत नाहीत.

रेडिओवरील शब्दांचे अर्थ ठरलेले आहेत. 'रॉजर' म्हणजे "तुमचे बोलणे पूर्ण मिळाले." त्याचा अर्थ 'हो' असा नाही. सांगितले तसे करणार असेल तर 'विल्को', आणि कळले नाही तर 'से अगेन' म्हणायचे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे दोन विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. ती दोन्ही विमाने नियंत्रण सेवेखाली होती. कझाक विमान ठरवून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली आले होते. त्याच्या चालकांचे इंग्रजी अपुरे होते, ही बाबही चौकशीत पुढे आली. पुढे मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वैमानिकांना भाषेची ठराविक पातळी गाठणे बंधनकारक झाले. बोलण्याचा परवाना वेगळा का, याचे उत्तर यात आहे.

रेडिओची लहर साधारण सरळ रेषेत जाते. हजार फुटांवर तिचा पल्ला सुमारे ७० किलोमीटर, तर चार हजार फुटांवर त्याच्या दुप्पट. मध्ये सह्याद्रीचा कडा आला की आवाज तुटतो. अशा वेळी तिसरी सेवा कामास येते. अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटे विमानाचा निरोप आला नाही तर अनिश्चिततेची अवस्था धरून शोध सुरू होतो. म्हणून सुखरूप उतरल्यावर तसे कळवणे हेही वैमानिकाचे कर्तव्य आहे. नाहीतर तो घरी चहा घेत असेल आणि लोक त्याला डोंगरात शोधत असतील.

विद्यार्थी मित्रांनो, समजले नसतानाही मान डोलावणारी माणसे आम्ही काउंटरवर रोज पाहतो. आपण विचारले तर लोक अडाणी समजतील, इंग्रजी चुकले तर हसतील, ही भीती त्यांना असते. ही भीती आपल्या घरांतही आहे, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. परंतु विमानात हजारो तास काढलेला वैमानिकसुद्धा आकडा नीट ऐकू आला नाही तर "पुन्हा सांगा" म्हणतो. त्याला कोणी हसत नाही. न विचारणाऱ्यालाच तेथे बेजबाबदार समजतात.

त्या मुलीला आता आमचे उत्तर असे आहे. खालचा माणूस जे माहीत आहे ते सांगतो. ते नीट विचारून घेणे, उलट म्हणून खात्री करणे आणि मग पुढे जायचे की मागे वळायचे हे ठरवणे, हे वैमानिकाचे काम आहे. तेथेच त्याचे डोके चालते. पुढच्या बैठकीला ती आली तर हे तिला समक्ष सांगणार आहोत, आणि कळले नाही तर पुन्हा विचार, असेही सांगणार आहोत.