बाद यंत्राचे घरगुती दप्तर

वाळवे तालुक्याचे ठाणे असलेल्या ईश्वरपुरात (पूर्वीच्या इस्लामपुरात) एखाद्या कचेरीतून बाद झालेला संगणक भंगाराच्या तागडीत पडतो, तेव्हा त्याची शक्ती संपलेली असते असे नव्हे. नव्या प्रणालीचा भार त्याला पेलवेनासा झालेला असतो, इतकेच. घरची छायाचित्रे, सातबाऱ्याचे उतारे आणि पावत्या सांभाळण्याचे काम इतके हलके, की चार गिगाबाइट स्मृतीचे यंत्रही ते पडद्यावाचून, कोपऱ्यात बसून, निमूटपणे करते. त्यावर डेबियन ही विनामूल्य लिनक्स प्रणाली आणि अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास आरंभिलेली ‘सांबा’ ही आज्ञावली बसविली, की विंडोजची फाइल-देवघेवीची भाषा ते बोलू लागते व घरातील प्रत्येकास राउटरमार्फत दप्तर खुले होते.

जुनी हार्डडिस्क मात्र निःशंकपणे बदलावी. दोन डिस्कवर एकच मजकूर उमटविण्याची सोय उत्तम खरी, परंतु चुकून पुसलेला कागद दोन्हीकडून एकदमच नाहीसा होतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. विजेचा हिशेबही हवा : चाळीस वॅट अहोरात्र म्हणजे वर्षाला सुमारे ३५० युनिट, म्हणून रात्री यंत्र निजवावे. आणि २०१९ चा कृष्णेचा महापूर ज्यांनी पाहिला, त्यांना एक प्रत परगावच्या आप्ताकडे ठेवा, हे सांगावे लागू नये.