गिटारचे फ्रेट टोचतात तेव्हा



"मुलाने हट्टाने इलेक्ट्रिक गिटार घ्यायला लावली आणि दोन महिन्यांत कोपऱ्यात ठेवली," अशी तक्रार पालकसभेत ऐकू येते. मुलाला रागवण्याआधी एक करून बघा. गिटारच्या मानेच्या कडेवरून तळहात हळूच फिरवा. करवतीसारखं टोचलं तर मुलाचा कंटाळा हे कारण नसेलही.

मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. सतारीला जसे पडदे, तसेच हे, फक्त सरकवता येत नाहीत. इलेक्ट्रिक गिटारला बहुधा २१ किंवा २२ असतात. ते बऱ्याचदा जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी त्यात असतं तांबं, जस्त आणि निकेल! हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, धातू मात्र तेवढाच राहतो. मग फ्रेटची टोकं बाहेर येतात. म्हणून पावसाळ्यात घेतलेली गिटार उन्हाळ्यात टोचू लागते.

दुसरा त्रास फ्रेटच्या माथ्याचा. तार बोटाने बाजूला ओढल्यावर खर्र खर्र जाणवत असेल तर माथा खरखरीत आहे. हे घरी दुरुस्त होतं.

तारा सैल करून काढा. मग पिकअप, म्हणजे तारांखालचे चुंबकाचे भाग, मास्किंग टेपने पूर्ण झाका. ही पायरी गाळू नकाच. पुढे वापरायच्या स्टील वूलचा बारीक चुरा चुंबकाला चिकटतो आणि मग निघता निघत नाही. (चौथी-पाचवीच्या वर्गात चुंबक शिकवताना हे उदाहरण छान जमतं.) दोन फ्रेटमधल्या लाकडावरही टेप लावा.

आता १००० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर २००० नंबरचा, शेवटी ०००० नंबरचं स्टील वूल. भांड्यांची तारेची घासणी अजिबात चालणार नाही, ती ओरखडेच पाडेल. घासायचं ते फ्रेटच्या लांबीच्या दिशेने, कारण ओढलेली तार त्याच दिशेने सरकते. आडवे ओरखडे राहिले तर खरखर तशीच राहते. जोर लावू नका. आपल्याला चकाकी आणायची आहे, धातू झिजवायचा नाही.

बाहेर आलेल्या टोकांना छोटी बारीक कानस तिरकी धरून वरून खाली फिरवा. खालून वर ओढली तर फ्रेट उचकटण्याची भीती असते. दोन-चार हात मारले की बोट फिरवून बघायचं. हे काम मोठ्यांनीच करावं.

एखाद्याच जागी तार झणझणत असेल, किंवा फ्रेटवर खोल खाचा पडल्या असतील, तर कारागिराकडे जा. फ्रेटची उंची सारखी करणं हे वेगळं काम आहे, अंदाजाने करायचं नाही.

राहिलं लाकूड. गडद रंगाचा, लाखेविना असलेला फिंगरबोर्ड अनेकदा शिसवीचा असतो, आपल्या सह्याद्रीतही वाढणारं झाड. तो कोरडा पडून करडा दिसू लागला की मेडिकलमध्ये मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचे चार-पाच थेंब कापडावर घेऊन पुसा, दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने सगळं तेल टिपून घ्या. वर्षातून एक-दोनदा पुरे. खोबरेल नको, खाद्यतेल पुढे खवट आणि चिकट होतं. फिकट रंगाचा मेपलचा बोर्ड बहुधा लाखेचा असतो, त्याला तेल लागतच नाही, किंचित ओलं फडकं पुरतं.

टेप हळू काढा, चुरा झटकून मगच पिकअप उघडे करा, आणि जमलं तर नव्या तारा चढवा. रोज मात्र एवढंच: वाजवायच्या आधी हात धुणं आणि वाजवून झाल्यावर तारा पुसणं. ते मुलालाच करू द्या.