लाल छताखालचे तिघे

मेम्फिसच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवर आर्डेंट स्टुडिओच्या समोर किराणामालाचं एक मोठं दुकान होतं. त्या साखळी दुकानांचं नाव ‘बिग स्टार’. स्टुडिओत रात्र रात्र बसणाऱ्या चार पोरांना १९७१ साली आपल्या बँडसाठी नाव हवं होतं. त्यांनी समोरच्या पाटीवरचंच उचललं. पहिल्या अल्बमला तर त्याहून मोठं नाव दिलं : ‘नंबर वन रेकॉर्ड’. १९७२ मध्ये तो आला आणि त्या वेळी त्याच्या दहा हजार प्रतीही खपल्या नाहीत. वर्ष संपेपर्यंत बँड उभा करणारा ख्रिस बेल बाहेर पडला होता. उरलेल्या तिघांनी पुढच्या वर्षी दुसरा अल्बम केला, ‘रेडिओ सिटी’. १९७४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या या अल्बमच्या वाट्याला रेडिओही फारसा आला नाही आणि सिटीही.

आज मात्र पॉवर पॉप म्हटलं की जाणकार ज्या दोनचार तबकड्यांची नावं घेतात, त्यांत ही हमखास असते. ‘काळाच्या पुढे असलेले, जगाला न समजलेले कलावंत’ अशी एक पठडीतली गोष्ट त्यावरून नेहमी सांगितली जाते. मला ती पटत नाही. जगाने नाकारायचं, तर जगाच्या हातात आधी वस्तू पडावी लागते. इथे ती पडलीच नाही.

पॉवर पॉप हा शब्द पहिल्यांदा वापरला तो ‘द हू’च्या पीट टाउनशेंडने, १९६७ साली, आपल्याच बँडच्या गाण्यांबद्दल बोलताना. बीटल्स आणि बर्ड्ससारखी गोड, चटकन ओठांवर बसणारी चाल, जोडीला दोनतीन आवाजांची सुरावट. पण गिटार कडक आणि ड्रम्स दणदणीत, असा हा मामला. गाणं साधारण तीन मिनिटांत आटोपतं. वेल्समधला बॅडफिंगर आणि ओहायोमधला रास्पबेरीज हे या घराण्यातले त्या काळचे यशस्वी बँड. बाकी अमेरिकेत तेव्हा लांबलचक गिटारवादनाचा आणि मुरलेल्या हार्ड रॉकचा जमाना होता.

मेम्फिस तर सोल आणि ब्लूजचं गाव. तिथे बसून १९६५ च्या लंडनवर जीव टाकणारी ही गोरी, खाऊनपिऊन सुखी घरांतली पोरं आपल्याच शहरात परकी होती. त्यातल्या एकाने मात्र यश भरपूर पाहिलं होतं. ॲलेक्स चिल्टन सोळा वर्षांचा असताना ‘द बॉक्स टॉप्स’ या बँडसाठी ‘द लेटर’ हे गाणं गायला आणि १९६७ मध्ये ते चार आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं. गाणं दोन मिनिटांचंही नाही. आवाज असा घोगरा, की गाणारा शाळकरी पोरगा आहे हे ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येऊ नये. पण गाणी दुसऱ्याची, वाजवायला पुष्कळदा स्टुडिओतले पगारी वादक, निर्णय निर्मात्याचे. १९७० मध्ये तो त्यातून बाहेर पडला, तेव्हा दुसऱ्याच्या हुकमावर गायचं नाही एवढं त्याचं पक्कं झालेलं होतं.

आर्डेंटचा मालक जॉन फ्राय स्वतः तिशीच्या आतला. शाळकरी वयात घरच्याच जागेत यंत्रं मांडून त्याने ध्वनिमुद्रण सुरू केलं होतं. स्टॅक्स या सोल संगीताच्या बड्या कंपनीचं जास्तीचं काम त्याच्या स्टुडिओत येई. आयझॅक हेज, स्टेपल सिंगर्स यांची ध्वनिमुद्रणं तिथे झाली, लेड झेपलिनच्या तिसऱ्या अल्बमचं मिश्रणही तिथलंच. या माणसाने एक भलतीच गोष्ट केली. उत्साही पोरांना त्याने ध्वनिमुद्रणाचे धडे दिले आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा, म्हणजे बहुतेक रात्री, स्टुडिओ त्यांच्या हवाली केला. तासाचं भाडं डोक्यावर नसताना उत्तम यंत्रांवर खेळायला मिळणं ही चैन त्या काळी फार थोड्या नवख्या बँडच्या नशिबी होती. बिग स्टारच्या तबकड्या आजही लख्ख वाजतात, याचं अर्धं श्रेय फ्रायचं. गिटारच्या तारेचा खणखणीतपणा आणि झांजेची धार राखून आवाज बसवण्यात त्याचा हातखंडा होता.

पहिला अल्बम बेलच्या शिस्तीतला आहे. आवाजावर आवाज चढवलेले, कोपरा न् कोपरा घासूनपुसून ठेवलेला. तो पडल्यावर बेल मनाने खचला, भांडणं झाली, तो गेला. बँडही जवळपास मोडलाच होता. तो पुन्हा उभा राहिला तो एका मजेशीर कारणाने. मे १९७३ मध्ये आर्डेंट आणि स्टॅक्सच्या प्रसिद्धीवाल्यांनी देशभरातले शंभराहून अधिक रॉक समीक्षक मेम्फिसला जमवले. वरकरणी हेतू समीक्षकांची संघटना काढण्याचा. खाणंपिणं अर्थात यजमानांचं. लेस्टर बँग्ज त्यात होता आणि पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेला, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा कॅमरन क्रोही. लफायेट्स म्युझिक रूममध्ये चिल्टन, बेसवादक अँडी हमेल आणि ड्रमर जोडी स्टीफन्स हे तिघेच वाजवायला उभे राहिले. हाताची घडी घालून ऐकण्यात हयात घालवलेली समीक्षक मंडळी नाचायला लागली. दुसरा अल्बम करायचं बळ त्या रात्रीतून आलं. (समीक्षकांचा कलेला असा थेट उपयोग झाल्याची उदाहरणं फार नसावीत.)

‘रेडिओ सिटी’ मला पहिल्या अल्बमपेक्षा सरस वाटतो. कारण बेल गेल्याने पडलेलं भगदाड बुजवायच्या फंदात कोणी पडलं नाही. एकच गिटार, एकच बेस, एक ड्रम्स, आणि मधे मोकळी हवा. सुरुवातीचंच ‘ओ माय सोल’ पाच मिनिटांच्या वर जातं. चिल्टनची गिटार ताल धरता धरता मधेच सुराचा तुकडा फेकते, तो पडायच्या आत पुन्हा तालावर येते. दुसरा गिटारवाला नसल्याने दोन्ही कामं त्यालाच करायची आहेत आणि ती धांदल ऐकू येते. गाणं आता कोसळणार असं वाटत असतानाच स्टीफन्स एखादा तडाखेबंद तुकडा वाजवून ते सावरतो. त्याचं वादन ही या अल्बमची खरी मजा आहे. तो ठेका नुसता राखत नाही, गाण्याच्या ओळीला जबाब देतो. ‘डेझी ग्लेझ’ संथपणे रेंगाळत निघतं आणि अर्ध्यावर एकाएकी दौडायला लागतं. हमेलने रचलेलं ‘वे आउट वेस्ट’ स्टीफन्सच्या कोवळ्या आवाजात आहे. आणि मग ‘सप्टेंबर गर्ल्स’. तीन मिनिटांच्या आतलं हे गाणं ऐकलं, की पॉवर पॉपची व्याख्या वेगळी सांगायला नको : चाल उन्हासारखी उजळ, आणि गाणारा सपशेल हरलेला.

तिघांचा अल्बम म्हणायचा, तरी हिशेब तितका सरळ नाही. एकदोन गाणी चिल्टनने इतर वादकांना घेऊन रात्री उशिरा सहज मुद्रित केलेली होती, ती तशीच ठेवली. काही गाण्यांत बेलचाही हात होता, पण त्याचं नाव त्यांवर नाही. शेवटच्या ‘आय ॲम इन लव्ह विथ अ गर्ल’मध्ये चिल्टन एकटाच आहे, साध्या गिटारवर.

मुखपृष्ठ विल्यम एगलस्टनच्या छायाचित्राचं आहे. मिसिसिपीतल्या ग्रीनवूडमध्ये एका खोलीचं रक्तासारखं लाल छत, त्यावर उघडा दिवा आणि त्याच्याकडे जाणाऱ्या पांढऱ्या वायरी. एगलस्टन चिल्टनच्या घरोब्यातला. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या रंगीत छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं, ते छायाचित्रकलेच्या इतिहासातलं वळण मानलं जातं. म्हणजे संग्रहालयाच्या आधी दोन वर्षं हे चित्र रेकॉर्डच्या दुकानात पोचलं होतं. निदान पोचायला हवं होतं.

गोची इथेच झाली. बिग स्टारच्या तबकड्या स्टॅक्समार्फतच बाजारात जात आणि स्टॅक्सचा माल पूर्वी ठिकठिकाणच्या स्वतंत्र वितरकांमार्फत जाई. कुठल्या गल्लीतल्या दुकानात काय खपतं हे त्यांना ठाऊक असे. १९७२ मध्ये स्टॅक्सने कोलंबिया रेकॉर्ड्सशी वितरणाचा करार केला. कोलंबियाची यंत्रणा अवाढव्य, पण मोठ्या दुकानांपुरती; छोट्या दुकानांत तिला रस नव्हता. करार जुळवणारा कोलंबियाचा प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस याला १९७३ च्या मे महिन्यातच, म्हणजे मेम्फिसला समीक्षक नाचत होते त्याच सुमारास, कंपनीने काढून टाकलं. नव्या मंडळींना स्टॅक्स हे गळ्यातलं लोढणं वाटलं. माल गोदामात पडून राहिला. ‘रेडिओ सिटी’ची परीक्षणं उत्तम आली, ती वाचून लोक दुकानात गेले, आणि दुकानात तबकडी नव्हती. आपल्याकडे दिवाळी अंक काढणाऱ्याला हे उलगडून सांगावं लागणार नाही. अंक उत्तम निघणं वेगळं आणि तो एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर लटकणं वेगळं. त्या वेळी जेमतेम वीस हजार प्रती गेल्याचं सांगतात. १९७५ च्या डिसेंबरात स्टॅक्सचंच दिवाळं वाजलं.

पुढचं थोडक्यात. अल्बम होताच हमेल कॉलेज पुरं करायला परतला आणि नंतर टेक्सासमध्ये विमानं बनवणाऱ्या कंपनीत अभियंता झाला. चिल्टन आणि स्टीफन्स यांनी १९७४ मध्ये केलेला तिसरा, विस्कटलेला आणि विलक्षण अल्बम चार वर्षं पडून राहिला. त्याच १९७८ साली इंग्लंडमध्ये पहिले दोन अल्बम एकत्र बाजारात आले आणि वर्ष सरता सरता, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बेल मोटार अपघातात गेला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चिल्टन न्यू ऑर्लिन्समध्ये हॉटेलात भांडी घासत होता. दरम्यान त्या थोड्याशा प्रती हातोहात फिरत होत्या. आरईएम, रिप्लेसमेंट्स ही पुढची पिढी त्यांवर वाढली; रिप्लेसमेंट्सने तर १९८७ मध्ये ‘ॲलेक्स चिल्टन’ याच नावाचं गाणं केलं. बँगल्सनी १९८६ च्या ‘डिफरंट लाइट’मध्ये ‘सप्टेंबर गर्ल्स’ घेतलं, तो अल्बम लाखोंनी खपला आणि चिल्टनला आपल्या जुन्या गाण्याचे बरे पैसे मिळाले. गाणं तेच, चालही तीच. या वेळी माल दुकानात होता.

२०१० च्या मार्चमध्ये चिल्टन गेला, जुलैत हमेल. स्टीफन्स १९८७ पासून आर्डेंटच्याच कामात आहे. ‘रेडिओ सिटी’ला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०२४ मध्ये, ती गाणी घेऊन तो पुन्हा दौऱ्यावर निघाला. सोबत आरईएमचा माइक मिल्स, शिवाय ख्रिस स्टेमी, जॉन ऑअर आणि पॅट सॅन्सोन. तिघांची गाणी वाजवायला पाच जण.