मान टाकलेले रोप पाण्यावर जगवा

वस्तीत भाजीचे बी रुजते, पण रोप टिकत नाही. खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारची भिंत; ऊन येणार कुठून? पालकाचे रोप उजेडाच्या शोधात लांबच लांब वाढते, देठ पांढरट पडतो आणि ते मान टाकते. आपल्याला वाटते, पाणी कमी पडले. आणखी पाणी ओतले की मातीचा चिखल होतो, मुळांना हवा मिळत नाही आणि रोप बुडाशी कुजते.

असे रोप मातीविना, पाण्यावर वाढवता येते. यालाच हायड्रोपोनिक्स म्हणतात. नाव मोठे असले तरी पंप लागत नाही.

आधी रोप तपासा. बूड काळे, मऊ झाले असेल तर टाकून द्या. शेंडा हिरवा आणि मुळे पांढरी असतील तर ते वाचू शकते. मुळांची माती वाटीभर पाण्यात हलक्या हाताने धुवा. दोन लिटरच्या झाकणाच्या डब्याला भोक पाडा, देठाभोवती स्पंज गुंडाळून रोप त्यात बसवा. मुळांची टोके पाण्यात आणि वरचा भाग हवेत राहू द्या. पाणी घटले तरी डबा पुन्हा काठोकाठ भरू नका. डब्याला बाहेरून जाड कागद गुंडाळा, म्हणजे आत शेवाळ धरत नाही.

नुसत्या पाण्यात रोपाला अन्न नाही. हायड्रोपोनिक्सचे खत पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मे घालून सुरुवात करा. खताच्या बाटलीवर नाव लिहा आणि ती मुलांच्या हाती लागू देऊ नका.

खरे औषध मात्र उजेड. २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब रोपाच्या वीतभर वर लावून रोज १४ तास चालू ठेवली, तर महिन्याला साधारण साडेआठ युनिट वीज लागते. दोन-तीन घरांनी मिळून एका ट्यूबखाली डबे ठेवले तर खर्च वाटला जातो.

एक धोका कायम लक्षात ठेवा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. डब्याला फट राहू देऊ नका. दर आठवड्याला झाकण उचलून पाहा. अळ्या दिसल्या तर पाणी मातीवर ओता, डबा घासून धुवा आणि नवे पाणी भरा.

ही खटपट कशासाठी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. एका डब्यातून मूठ-दोन मूठ पाला निघतो. त्याने रक्तक्षय बरा होत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवा. पालेभाजीवर लिंबू पिळा, आणि जेवणानंतर तासभर चहा नको. लोह अंगी लागायला त्याने मदत होते.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून सत्याग्रहात उतरले. डब्यातला पालक त्या जमिनीची जागा घेणार नाही. रेशन, अंगणवाडीचा आहार आणि गोळ्या हा आपला हक्क आहे. तो आम्ही मागत राहू. तोवर ताटात चार हिरवी पाने आपल्या हातची असू द्या. येत्या रविवारी विहारात येताना मान टाकलेले एक रोप घेऊन या. डबे मिळून लावू.

जय भीम!